युद्धानंतरचा कचरा कोणी उचलायचा?

२०२३ च्या मार्च महिन्यात ब्रिटनने युक्रेनला चॅलेंजर-२ रणगाड्यांसोबत डिप्लीटेड युरेनियमचे तोफगोळे देण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेनेही एब्रॅम्स रणगाड्यांसाठी तसेच गोळे देऊ केले. रशियाने त्यावर मोठा गहजब केला. आपल्या शस्त्रागारात त्याच जातीचे गोळे बाळगणाऱ्या राष्ट्राने असा गहजब करावा, हे ढोंग होते यात शंका नाही. परंतु एकाचे ढोंग उघडे पडले म्हणून दुसऱ्याचे कृत्य निर्दोष ठरत नाही. कोणाची बाजू घ्यावयाची या वादात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला : लढाई संपल्यावर त्या मातीत कोण राहणार आहे? समाजवादी म्हणवून घेणाऱ्यांनी या प्रश्नाचा शांतपणे आणि मुळापासून विचार केला पाहिजे.

प्रथम हा पदार्थ काय आहे ते पाहू. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियमच्या शंभर भागांत अणुभट्टीच्या किंवा बॉम्बच्या उपयोगाचा युरेनियम-२३५ हा समस्थानिक अवघा ०.७ भाग असतो. तो वेगळा काढण्याच्या प्रक्रियेत जो गाळ मागे उरतो, त्यात हे प्रमाण ०.२ ते ०.३ इतकेच राहते. हेच ते निःसत्त्व युरेनियम. त्याचा किरणोत्सर्ग नैसर्गिक युरेनियमच्या सुमारे ६० टक्के असतो. त्यातील मुख्य घटकाचे अर्धायुष्य मात्र सुमारे साडेचार अब्ज वर्षे, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या वयाइतके आहे. एकट्या अमेरिकेत हा गाळ रासायनिक संयुगाच्या रूपात, पोलादी पिंपांमध्ये, सुमारे ७ लक्ष टन साठला. केंटकी आणि ओहायो राज्यांतील आवारांत त्या पिंपांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या.

येथून पुढचा भाग अर्थशास्त्राचा आहे. हा धातू शिशाच्या सुमारे १.७ पट घन आहे. त्याचा अणकुचीदार दांडा वेगाने चिलखतावर आदळला की तो बोथट होण्याऐवजी अधिकच धारदार होत आत शिरतो आणि त्याचा चुरा पेट घेतो. चिलखतभेदी गोळे टंगस्टनचेही करता येतात. जर्मनीचे रणगाडे टंगस्टनवरच विसंबून आहेत. अमेरिकी नौदलाने आपल्या जहाजांवरील फॅलँक्स तोफांसाठी युरेनियम सोडून टंगस्टन स्वीकारले. परंतु टंगस्टन बाजारात विकत घ्यावे लागते आणि त्याचे सर्वांत मोठे उत्पादन चीनमध्ये होते. निःसत्त्व युरेनियम मात्र घरातच पडून होते. ज्याची विल्हेवाट लावण्यासाठी शासनाला पदरचे पैसे मोजावे लागले असते, तेच शस्त्रनिर्मितीचा स्वस्त कच्चा माल बनले. उत्पादकाने टाळलेला आणि समाजाच्या माथी मारलेला खर्च आम्ही वर्गात ‘बाह्य खर्च’ या नावाने शिकवीत असू. येथे तो खर्च समाजाच्याच नव्हे, तर परक्या देशातील समाजाच्या माथी मारला गेला. ज्याला त्या शासनाविरुद्ध मत देण्याचाही अधिकार नाही.

या पदार्थाचा अपाय कसा होतो? त्यातून निघणारे अल्फा कण कातडी भेदून जात नाहीत; तेव्हा तुकडा नुसता जवळ असण्याने फारसे बिघडत नाही. धोका आहे तो त्याच्या धुळीचा. गोळा आदळून पेटला की युरेनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण उडतात. ते श्वासावाटे फुप्फुसात गेले, तर न विरघळणारा भाग तेथे दीर्घकाळ राहतो. विरघळणारा भाग रक्तात उतरतो आणि जड धातू या नात्याने मूत्रपिंडांना इजा करू शकतो. जे गोळे नेम चुकून जमिनीत घुसतात ते वर्षानुवर्षे गंजत राहतात. बोस्नियात १९९४-९५ साली असे गोळे वापरले गेले. तेथे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पथकाला सुमारे सात वर्षांनी एका ठिकाणच्या पाण्यात त्याचा अंश आढळला. प्रमाण अल्प होते. तरीही तेथील पाणी पुढे अनेक वर्षे तपासत राहावे, असे पथकाने सुचविले.

येथे आपल्या कार्यकर्त्यांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. इराकमधील प्रत्येक कर्करोग आणि जन्मतःच व्यंग असलेले प्रत्येक मूल याच गोळ्यांचे बळी आहे, असे सिद्ध झालेले नाही. कोसोवोत पाहणी करणाऱ्या पथकाला दूरवर पसरलेले प्रदूषण आढळले नाही. आढळले ते गोळे पडलेल्या जागांपुरते. १९९१ च्या युद्धात आपल्याच बाजूच्या माऱ्यात सापडून ज्या अमेरिकी सैनिकांच्या अंगात याचे तुकडे रुतले, त्यांची १९९३ पासून नियमित तपासणी होत आली आहे. त्यांच्या लघवीत युरेनियमचे प्रमाण वाढलेले राहिले, पण मूत्रपिंडाचा गंभीर विकार त्यांत दिसला नाही. इराकच्या जनतेने युद्धांबरोबर निर्बंधांची उपासमार, जळत्या तेलविहिरींचा धूर आणि उद्ध्वस्त कारखान्यांची विषेही सोसली आहेत. त्यांतून एकच कारण वेगळे काढणे सोपे नाही. ज्या सभेत आपण अतिशयोक्ती करतो, त्या सभेत प्रतिपक्षाच्या हाती आपणच काठी देतो.

पण याच पुराव्याची दुसरी बाजूही पाहावी लागेल. ज्यांची तपासणी झाली ते मूठभर तरुण, धडधाकट पुरुष होते आणि त्यांच्या पाठीशी सरकारी रुग्णालय होते. बसऱ्याच्या वेशीवर जळक्या रणगाड्यांवर चढून खेळणारी पोरे, भंगार तोडून पोट भरणारे मजूर, गर्भवती स्त्रिया यांची तशी तपासणी तीस वर्षे कोण करीत होते? कोसोवोतील पाहणी शक्य झाली, कारण नाटोने माऱ्याच्या ११२ जागांची माहिती उशिरा का होईना दिली. इराकमध्ये १९९१ साली सुमारे ३०० टन आणि २००३ साली पुन्हा आणखी निःसत्त्व युरेनियम वापरले गेले. तेथील जागांची संपूर्ण यादी अमेरिकेने प्रसिद्ध केली नाही. नेदरलँड्सला दिलेली त्यांतील काही माहिती २०१४ साली तेथील एका शांतता संघटनेच्या प्रयत्नाने उजेडात आली, तेव्हा रणगाड्यांखेरीज इतर लक्ष्यांवरही हे गोळे झाडले गेल्याचे कळले. सीरियात २०१५ च्या नोव्हेंबरात विमानांतून असे ५,२६५ गोळे झाडल्याची कबुली तर २०१७ साली मिळाली. जागा दडवून ठेवावयाची, त्यामुळे तपासणी होऊ द्यावयाची नाही आणि मग ‘अपायाचा पुरावा नाही’ असे म्हणावयाचे, हा न्याय नव्हे. भोपाळच्या गॅसपीडितांना हा अनुभव नवीन नाही. विष कोणते हे कंपनीला ठाऊक, आणि आजार त्यामुळेच झाला हे सिद्ध करण्याचा भार मात्र रोग्यावर!

आणि धोका खरोखर क्षुल्लक आहे असे त्या शासनांना वाटते काय? त्यांचे घरचे वर्तन पाहावे. न्यू यॉर्क राज्यात कॉलोनी येथे असे गोळे बनविणारा कारखाना १९८४ साली बंद पाडण्यात आला. त्याच्या परिसरातील माती शासनाने खणून वाहून नेली. तेथील काही जुन्या कामगारांच्या लघवीत वीस वर्षांनंतरही हे युरेनियम सापडले. १९९१ च्या युद्धात या गोळ्यांनी दूषित झालेले स्वतःचे रणगाडे आणि वाहने अमेरिकेने समुद्रापार साउथ कॅरोलायनात नेऊन साफ केली. कुवेतमधील दोहा छावणीत जुलै १९९१ मध्ये आग लागून असे गोळे जळाले. तेथील सुमारे ६,७०० टन दूषित वाळू २००८ साली जहाजाने आयडाहोपर्यंत नेण्यात आली. श्रीमंत मित्रराष्ट्राची वाळू महासागर ओलांडू शकते; बसऱ्याची वाळू आहे तेथेच राहते. एकाच पदार्थाचा धोका एका जागी खरा आणि दुसऱ्या जागी काल्पनिक, असा भेद विज्ञान करीत नाही. तो सत्ता करते.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २००७ पासून या विषयावर ठराव येत आहेत. २०१२ साली १५५ राष्ट्रांनी ठरावाला अनुकूल मत दिले, २७ तटस्थ राहिली आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व इस्राएल ही चार विरोधात गेली. त्या ठरावात बंदीची मागणीही नव्हती. वापराच्या जागा व प्रमाण बाधित राष्ट्राला कळवा आणि सावधगिरी बाळगा, एवढेच त्याचे सार होते. तेवढेही या चौघांना मानवले नाही. उलट बेल्जियमने २००७ साली आणि कोस्टा रिकाने २०११ साली कायद्याने बंदी घातली. भूसुरुंगबंदीचा १९९७ चा करारही लहान राष्ट्रांच्या आणि नागरिकांच्या रेट्यानेच झाला. आपल्या देशाने त्यावर सही केलेली नाही, हेही आपण विसरता कामा नये.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. ज्याने हे गोळे झाडले त्याने जागा, तारीख आणि प्रमाण जाहीर करावे. साफसफाईचा आणि रहिवाशांच्या दीर्घकालीन तपासणीचा खर्च त्यानेच सोसावा. नव्या वापरावर आंतरराष्ट्रीय करारानेच बंदी यावी. आणि भारत सरकारने, दुसऱ्याला उपदेश करण्याआधी, आपले सैन्य हे शस्त्र वापरणार नाही अशी घोषणा संसदेत करावी. या चार मागण्यांसाठी कोणत्याही गटाची तरफदारी करावी लागत नाही, की पुराव्यापलीकडे एक शब्दही बोलावा लागत नाही. साथींनी त्या अभ्यासवर्गांत तपासून घ्याव्यात आणि आपापल्या भागातील खासदारांपुढे ठेवाव्यात.