सोसण्याची शिकवणी

सुमारे ४० अंश तापवलेली बंद खोली, ९० मिनिटं, २६ आसनं. बिक्रम चौधरी यांनी अमेरिकेतून हा योग जगभर विकला. मैत्रिणींनो, बाईनं घाम गाळण्याला, ताकद कमावण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो गरगरलं तरी खोली सोडायची नाही, या शिस्तीला. ‘सोस’ हा हुकूम आपण फी भरून शिकायचा? (मे महिन्यात पत्र्याच्या घरात, चुलीपुढे तो फुकट मिळतो!) वस्तीत मी बायकांना ‘नाही’ म्हणायला सांगते, इथे तीच सवय मोडतात. २०१३पासून काही विद्यार्थिनींनी चौधरींवर बलात्काराचे दावे लावले. त्यांनी ते नाकारले. २०१६ साली लॉस एंजेलिसच्या ज्यूरीनं त्यांच्या माजी कायदा-सल्लागार बाईला लैंगिक छळाबद्दल भरपाई मंजूर केली. तापत्या पॉवर योगाच्या वर्गात नाव घालण्याआधी विचारा : मध्येच उठून बाहेर जाता येतं का?