रहस्यपटात गाणे कशाला?

परवा शनिवार पेठेतल्या आमच्या खोलीवर वाद रंगला. मित्र म्हणाला, "इंग्रजांचे रहस्यपट बघ. खून, तपास, उलगडा! मध्येच कोणी गात नाही."

मला हे पटले नाही. कॉनन डॉइलची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ १९०२ साली पुस्तकरूपाने आली. १९५९ साली इंग्लंडात तिच्यावर रंगीत चित्रपटही निघाला. तिथे अंगावर काटा येतो तो माळावरच्या कुत्र्याच्या विव्हळण्याने. याच कथेवर बेतलेल्या ‘बीस साल बाद’मध्ये (१९६२) ते काम गाणे करते. चाल हेमंतकुमारांची, आवाज लताबाईंचा. ‘कहीं दीप जले’साठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. अगाथा ख्रिस्तीच्या कथेवरून निघालेल्या ‘गुमनाम’मध्येही (१९६५) लताबाईंचाच स्वर घुमतो.

कथा उसनी, हे कबूल. पण भीती उसनी आणता येत नाही. आमच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर शनिवारवाडा आहे. १७७३ साली तेथे नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मारेकऱ्यांची नावे किती जणांना आठवतात? ‘काका, मला वाचवा’ ही हाक मात्र पोरासोरांनाही ठाऊक आहे. आपल्याकडे भय माणसाच्या आवाजातून येते.

गाणे लागताच चहाला उठणाऱ्या मित्रांनी एवढे ध्यानात घ्यावे.