टाळ वाजतो आहे, चोपदार कुठे आहेत?

संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचली, की समाज आरती होते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा गजर टिपेला जातो आणि चोपदार आपला दंड उंचावतात. क्षणार्धात तो विराट समुदाय नि:शब्द होतो. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात. तो टाळ शांत झाल्यावाचून आरतीला आरंभ होत नाही. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, तिचे मर्म या एका प्रथेत सामावले आहे. लाखोंच्या समुदायात एका दिंडीचे गाऱ्हाणेही क्षुल्लक मानले जात नाही आणि ते ऐकले जाते म्हणूनच सारे शिस्तीत चालतात.

ज्या पांडुरंगाच्या ओढीने ही वारी चालते, त्याच्याच नगरीत मात्र २०२२ पासून एक टाळ अखंड वाजतो आहे. मंदिर परिसर आणि महाद्वार ते चंद्रभागा घाट या भागासाठी काशीच्या धर्तीवर ‘कॉरिडॉर’ उभारण्याची शासनाची योजना जाहीर झाली, तेव्हापासून तेथील रहिवासी, व्यापारी, मठाधिपती आणि भाडेकरू एकच मागणी करीत आहेत : आमच्या गावाचे काय करायचे, हे ठरवताना आम्हांलाही विचारा.

त्या वर्षाच्या अखेरीस आंदोलनातील काहींनी उद्वेगाने कर्नाटकात जाण्याची भाषा केली. ती भाषा सर्वथा अनुचित होती. ‘कानडा विठ्ठलु’ ही भक्तीची भाषा आहे. सीमावादाचे हत्यार म्हणून ती वापरता येत नाही. परंतु एखाद्या तीर्थक्षेत्रातील पिढ्यान्‌पिढ्यांच्या रहिवाशांवर असे टोकाचे बोलण्याची वेळ का यावी, याचे आत्मपरीक्षण शासनकर्त्यांनी करायला नको काय?

विकासाला विरोध कोणाचा?

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. तीर्थक्षेत्रांच्या विकासाचे नाव काढताच ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, त्या तथाकथित पुरोगाम्यांच्या पंक्तीला पंढरपूरकर बसलेले नाहीत. देवस्थानावर खर्च झालेला प्रत्येक रुपया ज्यांना शाळा-दवाखान्यातून पळवलेला वाटतो, त्यांना अन्य कोणत्याही खर्चाचा असा हिशेब मांडावासा वाटत नाही. हिंदूंची तीर्थक्षेत्रे स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके उपेक्षित राहिली. अरुंद गल्ल्या, तुंबलेली गटारे, तासन्‌तास उन्हात उभ्या राहणाऱ्या रांगा, स्नानानंतर वस्त्र बदलण्यासाठी आडोसा शोधणाऱ्या माता-भगिनी, हे चित्र कोणाही हिंदूची मान खाली घालणारे होते.

ते पालटण्याचा निर्धार गेल्या दशकात झाला आणि तो स्वागतार्हच आहे. १३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले. सुमारे ३ हजार चौरस फुटांत कोंडलेला परिसर सुमारे ५ लाख चौरस फुटांपर्यंत विस्तारला, वस्तीत दडलेली चाळीसहून अधिक प्राचीन मंदिरे मोकळी झाली. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. पहिल्या मार्गाचे २२१ आणि दुसऱ्याचे १३० किलोमीटर. वारकऱ्यांसाठी एवढे मोठे काम पूर्वी कधी हाती घेतले गेले नव्हते.

पंढरपूरलाही सुधारणांची निकड आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ९९ हजार वस्तीच्या या गावात आषाढीला दहा लाखांहून अधिक वारकरी येतात. एवढ्या गर्दीत एखादी अफवा, एखादी ठिणगी काय अनर्थ घडवील, याची कल्पनाही करवत नाही. तेव्हा ‘काही करू नका’ असे म्हणणारा वारकऱ्यांचा हितचिंतक असूच शकत नाही. वाद काही करावे की करू नये हा नाहीच. जे करायचे ते कोणी, कोणाला विचारून आणि काय राखून करायचे, हा आहे.

पंढरी म्हणजे केवळ मंदिर नव्हे

काशीचा नकाशा पंढरीवर ठेवून रेघा मारता येणार नाहीत, कारण दोन्ही क्षेत्रांची प्रकृती भिन्न आहे. पंढरीचा वारकरी हा दर्शन घेऊन सायंकाळच्या गाडीने परतणारा पर्यटक नाही. तो एकादशीला येतो, मुक्काम करतो, कीर्तन ऐकतो, नगरप्रदक्षिणा करतो. मंदिराभोवतीचे मठ, फड, धर्मशाळा आणि वाडे ही त्याची हक्काची घरे आहेत. अमुक दिंडी अमुक वाड्यात उतरणार, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. घरमालकाचे आणि दिंडीचे नाते भाडेपावतीवर लिहिलेले नसते. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरीला वंदन, चोखोबांच्या समाधीसमोर नतमस्तक होणे, बुक्का आणि तुळशीची माळ घेणे, ही सारी मिळून वारी पूर्ण होते. यातील वाडा, गल्ली आणि बुक्केवाला वजा केला, तर उरेल तो फरसबंद चौक. तो कितीही प्रशस्त असला, तरी त्यात वारकऱ्याने उतरायचे कोठे?

याच पंढरीत २०२४ मध्ये एक अत्यंत स्तुत्य काम झाले. मार्च ते जून या काळात पदस्पर्श दर्शन बंद ठेवून मंदिराच्या जतन-संवर्धनाचे काम करण्यात आले. नंतरच्या काळात आधुनिकतेच्या हौसेने बसवलेला ग्रॅनाइट काढण्यात आला आणि मूळ पाषाण पुन्हा दिसू लागला. आधीच्या पिढीने सद्‌हेतूनेच केलेली ‘सुधारणा’ पुढच्या पिढीला खरवडून काढावी लागली! मंदिराच्या आत हा धडा शिकलेले शासन मंदिराच्या बाहेर मात्र तीच चूक शतपट मोठ्या प्रमाणावर करणार काय?

अन्य क्षेत्रांचे अनुभवही डोळ्यांआड करता येणार नाहीत. जगन्नाथपुरीत २०१९ मध्ये मंदिराच्या सीमाभिंतीपासून ७५ मीटरचा पट्टा मोकळा करताना एमार मठासारख्या प्राचीन मठाच्या वास्तू पाडण्यात आल्या. मार्गिका झाली, जानेवारी २०२४ मध्ये तिचे लोकार्पणही झाले. परंतु पाडलेला मठ पुन्हा उभा राहत नसतो. उज्जैनच्या महाकाल लोकाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२२ मध्ये झाले आणि मे २०२३ मधील एका वादळात तेथील सप्तर्षींच्या मूर्ती कोसळल्या. वृंदावनात बांकेबिहारी मंदिराच्या मार्गिकेसाठी देवस्थानच्या पैशातून भूमी घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिलेली मुभा ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयालाच मागे घ्यावी लागली, कारण ज्यांच्या हक्कांवर परिणाम होणार होता त्यांचे म्हणणे ऐकलेच गेले नव्हते. घाईने वेळ वाचतो, हा भ्रम आहे हे यावरून पुरेसे सिद्ध होते.

निर्णय झाला तेव्हा गाव कोठे होते?

पंढरपूरच्या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब मात्र वेगळीच आहे. राज्यातील बहुसंख्य नगरपालिकांप्रमाणे पंढरपूर नगरपालिकेचाही कारभार या काळात लोकनियुक्त प्रतिनिधींकडे नव्हता, तर प्रशासकाकडे होता. नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये. म्हणजे गावाच्या भवितव्याचा शतकातून एकदा यावा असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा गावाच्या वतीने सभागृहात बोलणारा एकही नगरसेवक नव्हता! ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या, त्याही तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी. लहान गावाला तो आधारही नाही. मग नागरिकाने आपले म्हणणे मांडायचे कोठे? रस्त्यावर येण्यावाचून त्याला अन्य मार्ग शिल्लक ठेवला होता काय?

कायदा मुका नाही. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम विकास योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवण्यास आणि त्यांवर सुनावणी घेण्यास सांगतो. २०१३ चा भूसंपादन कायदा सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणि जनसुनावणी यांची तरतूद करतो. इतकेच नव्हे, तर शहरात तीन वर्षे वा अधिक काळ राहणारे अथवा तेथे उपजीविका करणारे कुटुंबही तो ‘बाधित कुटुंब’ मानतो. सातबारा वा मालमत्ता पत्रकावर नाव असणे ही त्याची अट नाही. परंतु परस्पर वाटाघाटींनी थेट खरेदीचा मार्ग धरला, की ही जनसुनावणी टळू शकते. एकेका घरमालकाला स्वतंत्रपणे बोलावून मोबदल्याचा आकडा सांगणे म्हणजे गावाशी संवाद साधणे नव्हे.

प्रशासनाचा ठरलेला युक्तिवाद असा, की विरोध मूठभर हितसंबंधीयांचा आहे आणि भरपूर मोबदला मिळाला की तो मावळेल. या युक्तिवादात पंढरपूरकरांचा अवमान तर आहेच, शिवाय अज्ञानही आहे. महाद्वाराजवळ वीस वर्षे भाड्याच्या टपरीत चुरमुरे-बत्तासे विकणाऱ्याला घरमालकाच्या मोबदल्यातून काय मिळणार? गावाबाहेरच्या संकुलातील गाळा कितीही चकचकीत असला, तरी वारकऱ्याची पावले तेथे वळणार आहेत काय? त्याचे भांडवल दुकानात नसते, ते त्या वाटेत असते.

आणि भाविकांच्या हिताचा दाखला देणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की २०१६ मध्ये गाजावाजाने घोषित झालेल्या ‘नमामि चंद्रभागा’ अभियानाचे काय झाले? २०२२ पर्यंत नदी निर्मळ करण्याचा संकल्प होता. चंद्रभागा स्वच्छ करण्यासाठी एकाही वाड्याची भिंत पाडावी लागत नाही.

पंढरपूरकरांचेही कर्तव्य

तथापि, टाळी एका हाताने वाजत नाही. रस्त्यावर आलेल्या पायऱ्या, पुढे ओढलेली दुकाने, यात्राकाळात अवाच्या सवा घेतली जाणारी भाडी, यांविषयी वारकऱ्यांच्या मनात रोष आहे आणि तो अनाठायी नाही. वंशपरंपरागत अधिकारांच्या बाबतीत भाविकांच्या तक्रारींकडे दुर्लक्ष झाले, त्यातूनच १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम आला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यावर शिक्कामोर्तब झाले. मंदिर शासनाच्या हाती गेले, ते समाजाने स्वत:ची घडी वेळीच न बसवल्यामुळे. तीच चूक गावाच्या बाबतीत पुन्हा होऊ नये. आपला वाटा मागणाऱ्यांनी आपली अतिक्रमणे आपणहून मागे घ्यावीत, भाडेकरूंना आणि हातगाडीवाल्यांना आपल्या मागण्यांत बरोबरीचे स्थान द्यावे आणि ‘नको’ म्हणून न थांबता नागरिकांचा पर्यायी आराखडा सिद्ध करावा. नदीपलीकडील ६५ एकर परिसरात दिंड्यांची सोय झाली, तेव्हा वाळवंटातील गर्दी हलली आणि वारीही खंडित झाली नाही. गावाच्या हाडापेशींना धक्का न लावता सोयी वाढवता येतात, याचे उदाहरण पंढरीतच आहे.

हिंदुत्वनिष्ठ शासनाकडून अपेक्षा

१९६५ मध्ये पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. राष्ट्राला जशी ‘चिती’ असते, तशी ती नगरालाही असते, असे त्या विचाराच्या प्रकाशात म्हणता येईल. माणसे, वास्तू, व्यवहार आणि श्रद्धा यांचे ते सजीव एकत्व असते. ते निविदेत बसत नाही आणि सल्लागार संस्थेच्या संगणकचित्रात दिसत नाही. मराठवाड्यात जन्मलेले नानाजी देशमुख चित्रकूटला गेले, तेव्हा त्यांनी ग्रामविकासाची सुरुवात गावकऱ्यांबरोबर बसून, त्यांच्याच पुरुषार्थाला आवाहन करून केली. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, देशभर घाट, विहिरी आणि अन्नछत्रे बांधली. त्यांची त्रिशताब्दी २०२५ मध्ये उत्साहाने साजरी झाली. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी हेही स्मरावे, की पंढरीत होळकर वाडा आहे तो याच गल्ल्यांच्या सान्निध्यात.

डाव्या विचाराचे शासन समाजापेक्षा राज्याला श्रेष्ठ मानते. हिंदू विचार समाजाला श्रेष्ठ मानतो आणि राज्याला त्याचे एक अंग समजतो. म्हणूनच हिंदुत्वाचा उच्चार करणाऱ्या शासनाकडून अपेक्षा अधिक आहेत. आराखडा मराठीतून, घरानिहाय तपशिलासह महाद्वारात लावावा. नगरपालिकेच्या सभागृहात आणि वारकरी फडांपुढे उघड सुनावणी व्हावी. प्रत्येक मठ, वाडा आणि समाधी यांची वारसा-सूची तयार होईपर्यंत एकही कुदळ पडू नये. भाडेकरू आणि फेरीवाले यांचे पुनर्वसन त्याच वाटेवर आणि पाडकामाच्या आधी व्हावे. यात अशक्य असे काय आहे? वेळ फार तर एका आषाढीपासून दुसऱ्या आषाढीपर्यंतचा लागेल. अठ्ठावीस युगे विटेवर उभ्या असलेल्या देवाला तेवढी घाई निश्चितच नाही.

सत्तेचा दंड उंचावला, की गाव गप्प बसेलही. पण चोपदाराच्या दंडापुढे वारी मौन पाळते, ते भयाने नाही. आपले गाऱ्हाणे ऐकले जाईल, या विश्वासाने. पंढरीत टाळ वाजतो आहे. त्याच्यापाशी जाऊन तो ऐकल्यावाचून आरतीला आरंभ करता येणार नाही.