लाल दोऱ्यातली तीन नाणी

दुकानाच्या गल्ल्यात किंवा पाकिटाच्या आतल्या कप्प्यात लाल दोऱ्याने बांधलेली, चौकोनी भोकाची तीन चिनी नाणी आता आपल्याकडेही दिसतात. ती कुणाची, हे मात्र कुणी वाचायला जात नाही. वाचणं तसं अवघड नाही. छिंग राजवटीच्या नाण्यावर चार अक्षरं असतात: वरचं आणि खालचं मिळून सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव, उजवं आणि डावं मिळून ‘थुंगपाओ’, म्हणजे चलनी नाणं. पाठीवर सहसा मांचू लिपीत टांकसाळीचं नाव. टांकसाळ हा शब्दही इथे जरा फसवाच, कारण ही नाणी ठोकून पाडत नसत, साच्यात ओतत; भोकातून दोरी ओवून त्यांच्या माळा करत. शकुनाचं म्हणाल, तर खरी गंमत खांगशी सम्राटाच्या (1661–1722) नाण्यात आहे. काही नाण्यांवर ‘शी’ या अक्षरातली एक उभी रेघ गाळलेली असते, आणि ती नाणी अर्हतांच्या पितळी मूर्ती वितळवून केली, अशी लोकांची समजूत. मग काय, त्यांच्या अंगठ्या झाल्या! खरंखोटं देव जाणे, पण साठाहून अधिक वर्षं गादीवर बसलेल्याचं नाव लोकांना शुभ वाटलं, यात नवल नाही. फेंगशुईच्या दुकानातला चकचकीत संच बहुधा हल्लीची नक्कल असतो. घ्यायचा तर हौसेने घ्या, पुराणवस्तूचा भाव देऊ नका. आणि नाण्यावर बारा राशींचे प्राणी दिसले, तर ते चलन कधी नव्हतंच. ते पहिल्यापासून ताईत म्हणूनच ओतलेलं.