दाम : मुठीतून आलेला शब्द

यावलच्या बाजारात केळीचा वा कापसाचा सौदा ठरताना 'योग्य दाम' हे शब्द सहज उच्चारले जातात. हा 'दाम' मूळचा ग्रीक आहे, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

ग्रीक भाषेत 'मुठीत धरणे' या अर्थाच्या क्रियापदापासून 'द्राख्मे' हा शब्द झाला. नाणी प्रचारात येण्यापूर्वी तेथे लोखंडी सळयांनी व्यवहार होत. अशा सहा सळयांची मूठ म्हणजे एक द्राख्मे. पुढे हेच नाव चांदीच्या नाण्याला मिळाले. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतातील ग्रीक राजांनी ही नाणी पाडली आणि शब्द येथे रुजला : संस्कृतात 'द्रम्म', प्राकृतात 'दम्म', मराठीत 'दाम'. अरबांचा 'दिरहम' हा त्याचाच भाऊ.

खानदेशाशी या शब्दाचे नाते जुने आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त १६ पणांचा एक द्रम्म आणि १६ द्रम्मांचा एक निष्क, असे कोष्टक आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. तेथील शके ११२८ च्या शिलालेखात मठाला मिळालेल्या देणग्या कोरल्या आहेत. त्याच्या मराठी भागात ग्राहकाकडून घ्यावयाच्या 'दामाच्या विसोव्या'ची, म्हणजे विसाव्या हिश्शाची, नोंद आढळते. बाजारपेठेतील दाम असा विद्येच्या कामी आला.

काळाच्या ओघात दामाचे मोल घसरले. अकबराच्या राज्यात तो तांब्याचा झाला. ४० दामांचा एक रुपया होई. 'छदाम' आणि 'दमडी' तर त्याहूनही क्षुद्र.

नाणे लहान झाले, तरी शब्दाचे वजन कमी झाले नाही. 'दामदुपट' हा सावकारीचा जुना नियम. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा त्याचा आशय. १०,००० रुपयांच्या मुद्दलावर व्याज कितीही साचले, तरी एका वेळी १०,००० च्या पलीकडे मागता येत नसे. धर्मशास्त्रातून आलेला हा दंडक ब्रिटिश अमदानीत मुंबई उच्च न्यायालयानेही मानला.

ग्रीसमध्ये २००२ साली युरोची नाणी आली आणि द्राख्मे व्यवहारातून गेले. यावलच्या पेढीवर मात्र 'दाम' अजून जिवंत आहे. 'मुठीत मावेल तेवढे' हा त्याचा पहिला अर्थ. 'मूठ कोठे थांबवावी' हे त्याने दामदुपटीतून शिकविले. वहीत व्याजाचा आकडा मांडताना हे दोन्ही अर्थ ज्याला स्मरतात, त्याच्या पेढीवर ऋणको मान वर करून येतो.