मठाच्या मापानं

चळवळीतलं पोरगं देवळात गेलं की आपल्यातलेच चार जण भुवया चढवतात. काळारामाचा सत्याग्रह १९३० ला झाला, १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगायचं ते सांगून टाकलं, १९५६ ला विषय मिटला. आता देवळाची पायरी कशाला? मी म्हणतो, जायचं. हात खिशात घालून जायचं. तिथं कुणाचा माल कुणाच्या नावावर जमा झालाय, ते वाचायला जायचं.

म्हणून मी पाटणला गेलो. चाळीसगावपासून अठराएक किलोमीटर, डोंगराच्या कुशीत. नवरात्रात पाटणादेवीला खान्देश लोटतो. तिथलं महेश्वराचं देऊळ निकुंभ राजांच्या काळातलं, त्यातला लेख शके १०७५ चा, म्हणजे इ.स. ११५३ चा. लोक त्याला बिनदिक्कत हेमाडपंती म्हणतात. हेमाडपंत यादवांचा प्रधान, तो शंभर वर्षांनी आला. म्हणजे जो जन्मलाही नव्हता त्या प्रधानाच्या नावावर देऊळ, आणि ज्यानं दगड चढवला तो साला बेनामी!

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. मला दगडाची नक्षी नंतर दिसते, वजन आधी दिसतं. हा खांब किती माणसांचा? दोर कुठं बांधला असेल? कुणाची बोटं खाली गेली असतील? पांढरपेशा पर्यटक ‘वा वा’ करतो तेव्हा मी मनात खेपा मोजत असतो.

पण खरी वही पुढंच आहे. पाटणच्या भवानीच्या पडक्या देवळात एक शिलालेख सापडला. भाऊ दाजींनी तो १८६५ साली छापला. शके ११२८ चा. भास्कराचार्याचा नातू चांगदेव यानं मठ काढला. आजोबाचा सिद्धांतशिरोमणी आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवायला. चांगलंच केलं. गणिताशी आपलं वैर नाही. भास्कराचार्य मोठा माणूस, त्याची लीलावती आपल्याही पोरांनी वाचावी. पण लेख शेवटपर्यंत वाचा. वर राजाची, घराण्याची, विद्येची स्तुती आहे, ती संस्कृतात. खाली मठाला कुणी काय द्यायचं ते आहे, ते मराठीत. स्तुती देवभाषेत, वसुली आपल्या भाषेत! गिऱ्हाइकाकडून सुपाऱ्या, जितके घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून पळी पळी तेल. आणि गावात जे काही मापलं जाईल ते मठाच्या मापानं मापायचं. मापणावळ अर्धी मठाला, अर्धी मापणाऱ्याला.

घाणा फिरवणाऱ्याच्या तेलावर मठाचा दिवा जळला. त्या उजेडात त्याचं पोरगं पाटीवर आकडे मांडायला बसलं का? लेख यावर गप्प आहे. गावकुसाबाहेरच्यांचं तर विचारूच नका.

मी हे वहीत उतरवत होतो, तर शेजारी टेकलेल्या म्हाताऱ्यानं अहिराणीत विचारलं, ‘कोना पोऱ्या शेस तू?’ मी नाव सांगितलं. मग आडनाव. आडनाव सांगितल्यावर त्याचा पाण्याचा तांब्या, जो माझ्याकडं सरकत होता, तो पिशवीत गेला. शिवी नाही, वाद नाही. मापून झालं. माप अजून तेच.

हेच माप चाळीसगावात बाबासाहेबांना लागलं. २३ ऑक्टोबर १९२९. मुंबई सरकारच्या समितीवर नेमलेला बॅरिस्टर, धुळ्याकडच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून परतत होता. स्टेशनावर एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्यानं मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. वस्तीतल्याच एकानं लगाम धरला, त्याला कुठली सवय? नदीवरच्या मोरीवर टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं. भास्कराचार्याची कीर्ती सांगायला लोक पाटणपर्यंत नेतात. मग स्टेशनातून बाहेर पडतानाच हे का सांगत नाहीत?

पाटणच्या डोंगरापलीकडं पितळखोरा आहे. बौद्ध लेणी, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथं सापडलेला एक ठेंगणा, पोटाळा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय की हा कण्हदास सोनारानं केला. बस्स, एवढंच. राजा नाही, प्रधान नाही. ज्यानं केला त्याचं नाव, तेही मूर्तीच्या हातावर. मला त्या कण्हदासाला भेटल्यासारखं वाटलं. (आमच्या टोळीतल्या एकाला हे सांगितलं तर म्हणाला, आपलं नाव फक्त हजेरीपटावर, तेपण पेन्सिलीनं.)

तेव्हा २३ ऑक्टोबरला चाळीसगावला उतरू. आधी स्टेशनाबाहेर उभं राहून पोरांना टांग्याची गोष्ट सांगू. मग पाटण, जमलं तर पितळखोरा. जुनी मराठी वाचणारा एखादा मास्तर हवा, ओळखीत असेल तर कळवा. बसचं भाडं वर्गणीतून काढू. भाकरी आणि पाणी आपापलं.