आज्ञापालन कोणाचे?

वडिलांच्या महिन्याच्या मिस्सेला सारे कुटुंब एका बाकावर बसते आणि त्याच आठवड्यात बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. आपल्या वसईत हे नवे नाही. तिने विचारलेच, तर उत्तर तयार असते : "चांगली मुलगी घराच्या शब्दाबाहेर जात नाही." चौथ्या आज्ञेची ढाल करून सातवी आज्ञा मोडण्याचाच हा प्रकार!

ईयोबाने आपल्या कन्यांना त्यांच्या भावांबरोबर वतन दिले (ईयोब ४२:१५). मृत्युपत्र नसेल, तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदाही ख्रिस्ती मुला-मुलीला समान वाटा देतो. मग "तुझ्या लग्नात खर्च केला" हा हिशेब कोणत्या नियमशास्त्रातला?

परंपरेसाठी देवाचे वचन रद्द करता, असे ख्रिस्ताने परूश्यांना 'कुर्बान'वरून सुनावले (मार्क ७). आम्ही धर्मगुरूही निर्दोष नाही. देणगीदार भाऊ दुखावेल म्हणून वेदीवरून गप्प राहिलो.

बहिणीने स्वखुशीने सोडले, तर ते दान. माहेर तुटण्याच्या भीतीने सही केली, तर ती चोरी. आणि चोरीची क्षमा मागणाऱ्याने चोरलेले आधी परत करायचे असते, हे आपण पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गातच शिकलो आहोत.